ऑक्सिजन, कार्बोजेन आणि रेटिनातला रक्तप्रवाह: चाचणी कशी मांडायची

शुद्ध ऑक्सिजन श्वासातून घेतला की काही मिनिटांतच रेटिनातल्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यातल्या, रक्तवाहिन्या आकसतात. १९८३ साली रिव्हा, ग्रुनवाल्ड आणि सिंक्लेअर या संशोधकांनी लेझर डॉप्लरने (लेझरच्या प्रकाशाने रक्ताचा वेग मोजणाऱ्या तंत्राने) हे मोजलं, तेव्हा प्रवाहातली घट ६०% च्या आसपास भरली. कार्बन डायऑक्साइडचं उलट आहे, तो वाढला की प्रवाह वाढतो. रेटिनातल्या वाहिन्यांना स्वायत्त मज्जातंतू पोचत नाहीत. आजूबाजूच्या पेशींना काय मिळतंय ते जोखून त्या आपल्या आपणच आकसतात किंवा सैलावतात. मधुमेही रेटिनोपॅथीत, म्हणजे मधुमेहाने रेटिना बिघडते तेव्हा, ही क्षमता मंदावते आणि वायू देऊन ती तपासता येते.

चाचणी रुग्णालयातच करावी. एथिक्स कमिटीची परवानगी, लेखी संमती आणि हाताशी भूलतज्ज्ञ यांच्याशिवाय सिलिंडर उघडू नये. फुप्फुसांचा जुनाट आजार, हृदयविकार, गरोदरपण, पॅनिकचे झटके किंवा पूर्वी ब्लिओमायसिन (कर्करोगावरचं औषध) घेतलेलं असणं, यापैकी काहीही असेल तर त्या व्यक्तीला घेऊ नका. आदल्या रात्रीपासून चहा, कॉफी, तंबाखू बंद.

वायू फुप्फुसापर्यंत पोचवणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. सिलिंडरवर १००% लिहिलेलं असतं, पण साध्या मास्कमधून तेवढं आत जात नाही. शांत बसलेला माणूस मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा घेतो हे खरं, पण श्वास आत ओढण्याच्या क्षणी वेग मिनिटाला ३० लिटरपर्यंत जातो. फ्लोमीटर १५ वर ठेवला तर उरलेली हवा मास्कच्या कडेने खोलीतूनच येते. म्हणून मास्क सोडा. दातांत धरायचा माउथपीस, नाकाला चिमटा, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या हवेला वेगळी वाट देणारा एकदिशा व्हॉल्व्ह आणि मागे १०० लिटरची डग्लस बॅग (वायू साठवायची मोठी पिशवी) अशी मांडणी करा. बॅग आधी भरून ठेवा आणि चाचणीभर ती फुगलेली राहील इतका प्रवाह चालू ठेवा. कार्बन डायऑक्साइड असलेल्या मिश्रणावर माणूस दुप्पट-तिप्पट श्वास घेतो, तेव्हा १५ ते २० लिटर प्रतिमिनिट लागतात. बॅग चपटी पडली की माणूस गुदमरतो आणि नोंदही वाया जाते.

रेग्युलेटरला, वायसरला तेल-ग्रीसचं बोटही लागता कामा नये. व्हॉल्व्ह हळू उघडा.

माउथपीसजवळ कॅपनोग्राफची, म्हणजे श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राची, सॅम्पल नळी जोडा. खरं मोजमाप श्वास सोडण्याच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे एंड-टायडलला मिळतं. निरोगी माणसात एंड-टायडल कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५ मिमी पारा असतो. शुद्ध ऑक्सिजन घेताना श्वास आत जाताना रेषा शून्यावर आली पाहिजे. ती शून्याच्या वरच अडकली असेल तर बाहेर सोडलेली हवा परत आत येतेय. बहुतेक वेळा व्हॉल्व्हची पाकळी लाळेने चिकटलेली असते. व्हॉल्व्ह बदला, पुढे जाऊ नका. ५% कार्बन डायऑक्साइडच्या मिश्रणावर मात्र आत घेतानाच आकडा दिसतो: आर्द्रता धरून मुंबईत साधारण ३६ मिमी. पुणं ५६० मीटरवर असल्याने तिथे वातावरणाचा दाब कमी, म्हणून ३३ च्या आसपास येतो. दोन शहरांतले आकडे शेजारी ठेवताना हे विसरू नका.

कोणतं मिश्रण काय सांगतं

कार्बोजेन म्हणजे ९५% ऑक्सिजन आणि ५% कार्बन डायऑक्साइड. यात दोन विरुद्ध ओढी आहेत: ऑक्सिजन वाहिन्या आकसवतो, कार्बन डायऑक्साइड सैलावतो. म्हणून शुद्ध ऑक्सिजनपेक्षा आकुंचन कमी दिसतं. त्यावरून कार्बन डायऑक्साइडचा परिणाम किती, हे थेट वजा करून काढता येत नाही. तोच बघायचा असेल तर ५% कार्बन डायऑक्साइड, २१% ऑक्सिजन आणि ७४% नायट्रोजन असं मिश्रण मागवा.

शुद्ध ऑक्सिजनमध्येही एक छुपी अडचण आहे. माणूस नकळत जास्त श्वास घेतो आणि एंड-टायडल कार्बन डायऑक्साइड काही मिमीने खाली येतो. हा उतारही वाहिन्या आकसवतो, आणि सगळं श्रेय ऑक्सिजनच्या खात्यात जमा होतं. मेट्रोनोमच्या ठरावीक टिकटिकीवर श्वास बसवल्याने फरक पडतो. त्याहून पक्का उपाय टोरांटोच्या संशोधकांनी वापरला: ताज्या वायूचा प्रवाह मर्यादित ठेवायचा आणि त्यापलीकडचा श्वास फुप्फुसातल्या हवेसारख्याच दुसऱ्या मिश्रणातून घ्यायला लावायचा. मग माणूस कितीही जोरात श्वास घेवो, कार्बन डायऑक्साइड हलत नाही.

कोरॉइडवर, म्हणजे रेटिनाच्या मागच्या रक्तवाहिन्यांच्या थरावर, या सगळ्याचा परिणाम वेगळा होतो. डोळ्यातलं बहुतेक रक्त कोरॉइडमधूनच वाहतं. ऑक्सिजनने कोरॉइड फारसा आकसत नाही, पण कार्बन डायऑक्साइड वाढला की त्याचा प्रवाह वाढतो. तुमचं उपकरण कोणता थर वाचतंय, हे नोंदीच्या पहिल्या ओळीत लिहा.

मोजणी

बाहुली मोठी करायला ट्रॉपिकामाइड १% पुरेसं आहे. फिनाइलेफ्रिन नको, ते स्वतःच वाहिन्या आकसवतं. थेंब घालण्याआधी अँटिरिअर चेंबरचा (बुबुळाच्या पुढच्या पोकळीचा) कोन तपासा. खोलीतला प्रकाश एकसारखा ठेवा, कारण लुकलुकणाऱ्या उजेडाने रेटिनातला प्रवाह वाढतो. पाठोपाठ फ्लॅश मारणंही टाळा.

आधी १० मिनिटं त्याच माउथपीसवर, त्याच बॅगेतून साधी वैद्यकीय हवा द्या. तोंडात नळी आली की श्वास बदलतोच, म्हणून नुसतं खुर्चीत बसवून घेतलेलं बेसलाइन चालत नाही. मग १० मिनिटं ऑक्सिजन, आणि चित्रं शेवटच्या तीन मिनिटांत. ऑप्टिक डिस्कच्या (रेटिनात दृष्टीची नस जिथे सुरू होते त्या गोल जागेच्या) कडेपासून एक ते दोन डिस्क-व्यास अंतरावर, वरच्या टेम्पोरल (कानशिलाकडच्या) धमनीचा आणि शिरेचा तोच तुकडा प्रत्येक वेळी मोजा. नाडीच्या ठोक्यासोबत व्यास बदलतो, म्हणून एका फ्रेमवर विसंबू नका, अनेक फ्रेमची सरासरी घ्या.

ऑक्सिजनवर असताना शिरांकडे नीट पाहा. एरवी गडद असणारी शीर उजळत जाते आणि शेजारच्या धमनीपासून वेगळी ओळखणं कठीण होतं. शिरेतलं ऑक्सिजनचं प्रमाण वाढल्याची ही खूण. पण रंगीत चित्रात कडांचा कॉन्ट्रास्ट बदलतो आणि सॉफ्टवेअर व्यास चुकवतं. ५७० नॅनोमीटरच्या आसपास ऑक्सिजनयुक्त आणि ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिन प्रकाश सारखाच शोषतात, म्हणून त्या फिल्टरवर काम करा.

व्यासात १२% घट म्हणजे प्रवाहात १२% घट नव्हे. क्षेत्रफळ ०.८८ × ०.८८, म्हणजे ०.७७ पट होतं. त्यात वेगही निम्मा झाला तर प्रवाह ०.३९ पट, म्हणजे घट ६१%. फक्त व्यास मोजणाऱ्या उपकरणाने प्रवाहाबद्दल बोलू नये. ओसीटी-अँजिओग्राफी (प्रकाशाने रेटिनातल्या वाहिन्यांचं चित्र काढणारं तंत्र) हीसुद्धा वाहिन्यांची घनता दाखवते, वेग नाही.

प्रत्येक टप्प्यावर रक्तदाब आणि डोळ्याचा दाब घ्या. बसलेल्या माणसात परफ्यूजन दाब, म्हणजे डोळ्यात रक्त ढकलणारा दाब, असा काढतात: सरासरी रक्तदाबाचे दोन तृतीयांश वजा डोळ्याचा दाब. १२०/८० रक्तदाबाला सरासरी ९३, त्याचे दोन तृतीयांश ६२, डोळ्याचा दाब १५ असेल तर ४७ मिमी. कार्बन डायऑक्साइडने रक्तदाब चढतो. तसा चढला असेल तर वाढलेला प्रवाह वाहिन्यांच्या सैलावण्यामुळे की दाबामुळे, हे सांगता येणार नाही.

कार्बोजेनवर धाप, डोकेदुखी, घाम, अस्वस्थपणा येऊ शकतो. तोंडात नळी असल्याने बोलता येत नाही, म्हणून हाताची खूण आधीच ठरवा आणि ती दिसताच नळी काढा. दोन मिश्रणांमध्ये किमान १५ मिनिटं साध्या हवेवर ठेवा. एंड-टायडल आणि वाहिनीचा व्यास, दोन्ही बेसलाइनवर परतल्याशिवाय दुसरी बॅग जोडू नका.

वायू आणि डोळ्याचीच, पण या चाचणीबाहेरची एक गोष्ट: रेटिनाच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात एसएफ६ किंवा सी३एफ८ या वायूचा बुडबुडा सोडलेला असेल तर त्या व्यक्तीला नायट्रस ऑक्साइड (भुलीत वापरला जाणारा वायू) कधीच देऊ नये. तो बुडबुड्यात शिरतो, बुडबुडा फुगतो, डोळ्याचा दाब चढतो आणि रेटिनाची मुख्य धमनी बंद पडू शकते. अशा रुग्णाने बुडबुडा विरेपर्यंत विमानात बसू नये, महाबळेश्वरचा घाटही चढू नये. तिथे बाहेरचा दाब कमी झाल्याने बुडबुडा फुगतो. त्याच्या मनगटावर बुडबुड्याची सूचना देणारा पट्टा असतो. भूल देण्याआधी तो शोधा.