वारकऱ्यांची पंगत घरी घालायची तर

सासवडला आमच्या घरी दरवर्षी पन्नासेक वारकरी जेवतात. माउलींची पालखी दिवे घाट चढून येते ती बहुतेक वर्षी ज्येष्ठ वद्य एकादशीला, आणि मुक्काम सहसा दोन रात्रींचा. यंदा गल्लीतल्या दोघी पहिल्यांदा पंगत घालणार आहेत. त्यांनी विचारलं, काकू, सोवळ्याचं कसं करायचं? माझ्या सासूबाईंचं सोवळं कडक होतं. त्यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे उमगायला मला बरीच वर्षं लागली, म्हणून सविस्तर सांगते.

एकादशीच्या रात्री भगर आणि दाण्याची आमटी करा. त्यात फार विचार नाही. खरं जेवण द्वादशीच्या पारण्याचं. पिठलं-भाकरी धरली तर पन्नास माणसांना दीड किलो बेसन, साधारण दहा लिटर पाणी, आणि माणशी दोन भाकरींच्या हिशोबाने दहा किलो ज्वारीचं पीठ. पीठ आदल्या दिवशीच दळून आणा, जुन्या पिठाची भाकरी थापताना चिरते. बेसन गार पाण्यात कालवून मगच उकळत्या फोडणीच्या पाण्यात ओता, नाहीतर एवढ्या मोठ्या पातेल्यातल्या गुठळ्या मोडत नाहीत. कांदा-लसूण घालूच नका. पुष्कळ माळकरी तो खात नाहीत, आणि दोन पातेली मांडली की पंगतीत ‘याला हे, त्याला ते’ सुरू होतं. जिरं, हिंग, हिरवी मिरची, वर कोथिंबीर. सगळ्यांना एकच पातेलं.

आता सोवळं. आंघोळ करून धुतलेलं लुगडं-साडी नेसा, केस बांधा, नखं कापा, पिण्याचं पाणी गाळून झाकून ठेवा. नैवेद्य दाखवेपर्यंत चाखू नका. मिठाची भीती वाटत असेल तर आदल्या आठवड्यात घरापुरतं पिठलं करून माप चमच्यांनी लिहून ठेवा, मी तसंच करते. सासूबाईंकडून घेतलेलं हे सगळं मी सोडलेलं नाही. देवासाठी रांधतो आहोत या भावनेने हात आपोआप जपून चालतात, आणि उन्हातान्हात चालून आलेल्या माणसाचं पोट बिघडत नाही.

सोडलं ते वेगळं. आमच्याकडे पूर्वी दोन तऱ्हेचे पेले असत, आतले आणि ओसरीवरचे. ओसरीवरचे कोणाला द्यायचे, हे कपड्यांवरून, बोलीवरून, कधी आडनाव विचारून ठरायचं. तुमच्याही मांडणीत असे पेले असतील तर पंगतीच्या आधी सगळे एकाच टोपलीत घाला. आडनाव विचारू नका. पाय सोलवटलेत का, कढत पाणी हवं का, हे विचारा. अडचण आहे म्हणून सुनेला किंवा दिंडीतल्या बाईला बाहेर बसवू नका. वीस-वीस किलोमीटर चालून आलेली बाई ती.

पैठणला नाथांनी श्राद्धाचं अन्न आधी दाराशी आलेल्या भुकेल्या महारांना वाढलं, ही कथा मी कीर्तनात कितीदा ऐकली आणि डोळे पुसले. तरी घरी आल्यावर पेला वेगळाच निघायचा. पंढरपुरात चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीसमोर आहे. त्यांच्या जातीच्या माणसांना विठ्ठलाचं देऊळ खुलं झालं ते 1947 साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. सासूबाई तेव्हा परकरी पोर होत्या. म्हणजे आपल्याच घरातल्या माणसाच्या आठवणीत बसेल इतकं हे अलीकडचं.

पेले एकत्र केल्यावर मला वाटलं, झालं. मग एका द्वादशीला सकाळी एक म्हातारी वारकरीण चुलीपाशी आली. पायांना भेगा, साडी घामाने कडक झालेली. म्हणाली, “माउली, तुम्ही अजून जेवला नाहीत,” आणि तिने आपल्या गाठोड्यातली शिळी भाकरी आणि दाण्याची चटणी माझ्यापुढे धरली. माझा हात पुढे झाला नाही. कोणाच्या घरची, कोणाच्या हातची, हेच आधी मनात आलं. आज उपास आहे, असं मी तिला म्हणाले, पारण्याच्या दिवशी! ती काही बोलली नाही. भाकरी परत फडक्यात बांधली, माझ्या पाया पडली आणि गेली. वाढणं मला जमलं होतं, घेणं जमलं नव्हतं. ती सकाळ आजही मला टोचते.

म्हणून पंगतीचा हा भाग आवर्जून करा. वारकरी तुमच्या पाया पडतील, तुम्हीही वाकून त्यांच्या पाया पडा, मग तो विशीतला पोरगा का असेना. पत्रावळी घरातल्या थोरल्या माणसाने उचलाव्यात, मोलकरणीवर सोडू नयेत. धर्मराजाच्या यज्ञात कृष्णाने उष्टी काढली, असं आपण ऐकत आलो आहोत. आमच्याकडे आता हे काम माझे यजमान करतात.

आणि शेवटच्या पंगतीला तुम्हीही बसा, जिथे जागा असेल तिथे. वाढायला दिंडीतल्याच एखादीला सांगा, त्या आनंदाने उठतात. शेजारचीने गाठोडं सोडून काही पुढे केलं तर घ्या. गेल्या वर्षी मला एकीने गुळाचा खडा आणि मूठभर चुरमुरे दिले. थोडे चुरमुरे खाल्ले, उरलेले देवघरात ठेवले, संध्याकाळी घरात सगळ्यांना वाटले.