कृष्णेतले गोटे वाचायचे कसे

नदीत दगड घासून गोल होतो एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण तो दगड जवळचा की लांबचा, पाणी कुठल्या बाजूनं किती जोरात आलं होतं, हे पण बऱ्यापैकी ओळखता येतं, आणि त्याला एक स्केलपट्टी, वही आणि एप्रिल-मे मधली सकाळ एवढंच लागतं. पावसाळ्यात अजिबात जाऊ नका. उन्हाळ्यात पण धरणातून पाणी सोडलंय का ते गावात विचारा मगच पात्रात उतरा. आणि खाली भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत, तिथं पाण्याच्या कडेला वाकून मोजमाप करायचं नाही म्हणजे नाही.

आधी उतार समजून घ्या. महाबळेश्वर १३०० मीटरच्या वर, वाई साधारण ७००, सांगली साडेपाचशेच्या आसपास. म्हणजे नदी वाईला येईपर्यंतच सहाशे मीटर खाली येते आणि पुढं शंभराहून जास्त किलोमीटरमध्ये जेमतेम दीडशे. वेग दुप्पट झाला की पाणी जवळजवळ ६४ पट वजनाचा दगड हलवू शकतं असा एक ढोबळ नियम आहे, त्यात आपला काळा दगड पाण्यात बुडाला की त्याचं वजन तिसऱ्या हिश्श्यानं कमी भासतं, त्यामुळं वाईच्या वर जोर गावाच्या खोऱ्यात ओढ्यात धोंडे पडलेले दिसतात आणि सांगलीत नुसती वाळू, गाळ, मळी. सांगलीत गोटे मोजायला जाऊ नका, घाटाजवळ जे सापडतं ते बहुतेक बांधकामाचं असतं.

जागा दोन-तीन घ्या. एक बलकवडी-धोम धरणांच्या वर, एक वाईच्या खाली, एक कराडच्या वरच्या अंगाला. प्रत्येक ठिकाणी गोट्यांचा जो उंचवटा असतो त्याचं वरचं टोक पकडा, कारण वरच्या टोकाला मोठे आणि शेपटाला बारीक गोटे साचतात, एका ठिकाणी टोक आणि दुसऱ्या ठिकाणी शेपूट मोजलं तर सगळी तुलना पाण्यात गेली.

मोजायची पद्धत १९५४ साली वोलमन या अमेरिकन नदीतज्ज्ञानं मांडली, अजून तीच चालते. एक पाऊल टाका, खाली न बघता बूटाच्या टोकाशी बोट टेकवा, ज्या दगडाला पहिलं लागेल तो उचला. न बघता हे महत्त्वाचं, नाहीतर हात आपोआप सुंदर गुळगुळीत गोट्याकडं जातो (पोरं तर हटकून गारगोट्याच उचलतात). दगडाची सगळ्यात लांब बाजू नाही, सगळ्यात पातळ नाही, मधली बाजू मोजा. असे १०० दगड. आकडे चढत्या क्रमानं लावले की मधला आकडा म्हणजे त्या जागेचा साईझ. ॲव्हरेज काढू नका, एखादा मोठा धोंडा सगळं बिघडवतो.

प्रत्येक दगडापुढं दोन गोष्टी अजून लिहा. कोपरे धारदार आहेत, बोथट आहेत की गेलेच आहेत. आणि दगड कुठला, घट्ट काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा, की गारगोटी. ते ठिपके म्हणजे लाव्ह्यातले गॅसचे बुडबुडे, नंतर त्यात खनिजं भरली. हा दगड सहसा लवकर झिजतो, गारगोटी टिकते.

आता खरी गंमत. कोपरे आधी जातात, पहिल्या काही किलोमीटरातच बरेच बोथट होतात, नंतर फरक हळू पडतो. त्यामुळं धारदार दगड दिसला तर तो बहुतेक जवळून आलाय, पण गोल दगड बघून किती लांबून आला ते सांगता येत नाही. आणि खाली जाताना गोटे लहान होतात ते फक्त झिजून नाही, जड दगड नदी मागंच टाकून जाते, ही झाली निवड. यातलं जास्त काय चालू आहे ते तुमच्या वहीतूनच कळेल: झीज असेल तर खाली ठिपकेवाल्यांचा वाटा कमी होतो, नुसती निवड असेल तर सगळ्या जातीचे दगड सारखेच बारीक होतात. माझं मत विचाराल तर निवडीला आपण फार कमी भाव देतो.

वाईच्या खाली आकडा वरच्यापेक्षा मोठा आला तर घाबरू नका. बलकवडी आणि धोम धरणं वरचे गोटे अडवतात, खाली सुटणारं पाणी बारीक खडे वाहून नेतं आणि जाड थर वर उरतो. एक मोठा गोटा उचलून बघा, खाली बारीक रेव मिळेल. तिथले धारदार दगड महाबळेश्वरचे नाहीत, शेजारच्या ओढ्याचे.

चपटे गोटे कौलांसारखे एकमेकांवर रेललेले दिसतात, त्यांचा उतार नदीच्या वरच्या बाजूला असतो आणि वर आलेली कड खालच्या बाजूला. कोरड्या पात्रात पाणी कुठून आलं ते यावरून लगेच कळतं.

एवढं जमलं की घराजवळच्या ओढ्यात वीसेक गोटे ऑइल पेंटनं रंगवून, नंबर टाकून मेअखेरीस एका रेघेत ठेवा. पावसाळा संपल्यावर शोधताना मधल्या धारेत वेळ घालवू नका, वळणाच्या आतल्या बाजूला आणि मोठ्या धोंड्यांच्या मागंपुढं बघा. काही सापडणारच नाहीत, ते बहुतेक रेवेखाली गाडले गेलेले असतात, हातभर उकरून बघायला हरकत नाही.