आधी ऑक्सिजनची वाट तपासा

द्रावणात फिरणाऱ्या प्लॅटिनम चकतीवर ऑक्सिजनचं क्षपण (इलेक्ट्रॉन घेऊन त्याचं पाणी होणं) मोजताना विजेचा प्रवाह कमी आला की संशय लगेच धातूवर जातो. मी मात्र आधी ऑक्सिजन तिथवर पोचतोय का, ते बघते.

चकती १, मग ०.३ आणि शेवटी ०.०५ मायक्रोमीटरच्या ॲल्युमिनावर घासा, अतिशुद्ध पाण्याने धुवा. द्रावण ०.१ मोलर पर्क्लोरिक आम्लाचं घ्या. सल्फ्युरिक नको, त्यातले सल्फेट प्लॅटिनमला चिकटून ऑक्सिजनची जागा अडवतात.

आधी द्रावणात नायट्रोजनचे बुडबुडे सोडा आणि व्होल्ट बदलत प्रवाहाचा आलेख काढा. प्लॅटिनमवर हायड्रोजन बसण्या-सुटण्याची शिखरं स्पष्ट दिसेपर्यंत पुढे जाऊच नका. मग अर्धा तास ऑक्सिजन सोडा. चकती बुडवताना किंचित तिरकी धरा, नाहीतर खाली बुडबुडा अडकतो. इतक्या वेळा हेच कारण निघालंय की आता मी प्रत्येक वेळी खालून आरशात बघते.

मिनिटाला १६०० फेऱ्यांना चकतीलगत सुमारे १५ मायक्रोमीटर जाडीचा थर उरतो. शेवटचं हे अंतर ऑक्सिजनला विसरणानेच, म्हणजे आपोआप पसरत, कापावं लागतं. फेरे वाढवले की थर पातळ होतो, प्रवाह वाढतो, पण वर्गमूळाच्या हिशेबाने. म्हणून ४०० आणि १६०० फेऱ्यांना मोजा: आलेखाच्या सपाट भागातला (व्होल्ट आणखी कमी केले तरी प्रवाह वाढत नाही, तिथला) प्रवाह दुप्पट व्हायला हवा. १६०० ला तो दर चौरस सेंटिमीटरला सहा मिलिअँपिअरच्या जवळपास येतो. बराच कमी आला तर बुडबुडा किंवा अपुरा ऑक्सिजन शोधा.

सपाट भाग बरोबर, पण त्याआधीचा चढ कमी व्होल्टकडे सरकलेला असेल, तर मात्र पृष्ठभाग मळलाय. माझा आलेख एकदा रोज थोडा थोडा सरकत होता. तीन आठवडे मी चकतीच घासत बसले, आणि क्लोराइड झिरपत होतं संदर्भ इलेक्ट्रोडमधून, ज्याच्या तुलनेत व्होल्ट मोजतात त्यातून! सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा तो इलेक्ट्रोड काढून हायड्रोजनचा लावला, द्रावण बदललं, आलेख जागेवर आला. क्लोराइड नुसतं जागा अडवत नाही, पाण्याऐवजी अर्धवट क्षपणातून होणाऱ्या पेरॉक्साइडचं प्रमाणही वाढवतं.

आता नायट्रोजनमधला प्रवाह वजा करा आणि हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत ०.९ व्होल्टला वाचा. तिथला प्रवाह आणि सपाट भागातला प्रवाह यांचा गुणाकार त्यांच्या फरकाने भागा. २ आणि ६ आले, तर १२ भागिले ४, म्हणजे ३. ऑक्सिजन पोचण्याचा अडथळा वगळून उरलेला धातूचा स्वतःचा वेग हा.