जुनिपरच्या रानात एल्कची शिकार: न पाहता केलेल्या चुका टाळा

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनी भारतातली हौशी शिकार संपवली. आपल्या पिढीसाठी शिकार म्हणजे आजोबांच्या वेळच्या गप्पा. कोलोरॅडोत नोकरीला आलेला मराठी माणूस कधी ऑफिसातल्या मित्राच्या नादाने एल्कच्या, म्हणजे मोठ्या शिंगांच्या दांडग्या हरणाच्या, शिकारीचा परवाना काढतो, तेव्हा नेमबाजी तो महिनाभरात शिकतो. पण पलीकडच्या टेकाडावर बसलेल्या दुसऱ्या शिकाऱ्याशी कसं वागायचं, हे त्याला सहसा कोणी सांगितलेलं नसतं. रेंजवर ते शिकवत नाहीत.

मी लिहितोय ते वायव्य कोलोरॅडोबद्दल: मीकर, रँजली, पीअन्स क्रीकचं खोरं. इथे युटा जुनिपर आणि पिन्यन पाइन यांचं मिश्र रान आहे. स्थानिक लोक त्याला ‘पीजे’ म्हणतात आणि जुनिपरला सरळ ‘सीडर’. झाडं दोन-तीन पुरुष उंच, फांद्या पार जमिनीला टेकलेल्या. नजर पन्नास-साठ यार्डांवर अडते. त्यामुळे इथल्या बहुतेक चुका एकाच जातीच्या असतात: जे दिसलं नाही ते नाहीच, असं धरून चालायचं.

व्हिसाकडे दुर्लक्ष

हे बंदुकीला हात लावण्याआधीचं आहे. एच-१बी, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगता येत नाहीत. अपवाद मोजके आहेत. त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेत रीतसर मिळालेला, मुदतीतला शिकारीचा परवाना. ‘मित्राची रायफल होती, मी फक्त धरली’ हा बचाव चालत नाही. शंका असेल तर आधी वकिलाला विचारा, पार्टीतल्या जाणकाराला नको. १ जानेवारी १९४९ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना कोलोरॅडोत हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्रही लागतं.

रानात घुसून एल्क शोधणं

नवखा माणूस सकाळभर जुनिपरमधून चालतो आणि दुपारी म्हणतो, इथे जनावरच नाही. जनावर असतं, त्याने तुम्हाला आधी ऐकलेलं असतं किंवा तुमचा वास घेतलेला असतो. एल्क रात्री सेजब्रशच्या (बुटक्या झुडपांच्या) मोकळ्या पट्ट्यांत आणि गवतात चरतात आणि उजाडता उजाडता उत्तरेकडच्या उतारांवरच्या दाट झाडीत बसायला जातात. तेव्हा अंधारातच समोरच्या उतारावर जाऊन बसा, दुर्बीण तिकाटण्यावर लावा आणि अख्खा एल्क शोधू नका. पाठीची आडवी रेघ, पिवळसर ढुंगण, झाडाखालून दिसणारा पाय असे तुकडे शोधा. पहाटे थंड हवा उताराने खाली वाहते, ऊन चढलं की वर. ही पलटी होते त्या तासाभरात झाडीत शिरणं म्हणजे कळपाला स्वतःहून वर्दी देणं. आणि आत शिरलातच तर स्कोप, म्हणजे रायफलवरची दुर्बीण, तीन-चारपटीवर ठेवा. बारापटीच्या काचेत साठ यार्डांवरचा एल्क म्हणजे नुसते केस.

फांदीला शिंग समजणं

वाळलेली जुनिपरची फांदी करडी-पांढरी होते आणि नराच्या डोक्यामागे असली की शिंगाला एखादं टोक फुकट जोडून देते. इथल्या बऱ्याच युनिट्समध्ये (शिकारीसाठी आखलेल्या विभागांत) नर मारायचा तर एका शिंगाला किमान चार टोकं हवीत, किंवा कपाळाजवळचं टोक किमान पाच इंचांचं हवं. टोकं मोजता आली नाहीत तर बार काढायचा नाही. ‘असेल चार’ हा हिशेब नव्हे. चुकून बेकायदा जनावर पडलंच, तर ते तिथेच सोडून पळू नका. आतडी काढून मांस वाचवा आणि कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफला (राज्याच्या वन्यजीव खात्याला) स्वतः फोन करा. दंड होऊ शकतो, पण स्वतः कळवणाऱ्याकडे आणि पकडल्या गेलेल्याकडे अधिकारी एकाच नजरेने पाहत नाहीत.

कळपात गोळी मारण्याचंही तसंच. रायफलची गोळी एका एल्कमधून आरपार जाऊन मागच्या मादीला लागते, आणि टॅग (परवान्यासोबतची, एका जनावरापुरती चिठ्ठी) तुमच्याकडे एकच असतो. मग ‘दुसरी माझ्या टॅगवर घेऊ’ म्हणणारा मित्र पुढे येतो. कोलोरॅडोत हे बेकायदा आहे. ज्याचा टॅग त्यानेच मारायचं. जनावराच्या मागे काय आहे हे जुनिपरमध्ये दिसत नसेल, तर ते सुटं आणि मागे माती असेल अशा जागी येईपर्यंत थांबा. रायफलच्या मोसमात कमरेच्या वर पाचशे चौरस इंच फ्लोरोसंट केशरी किंवा गुलाबी रंग आणि त्याच रंगाची टोपी सक्तीची आहे. पण झाडाआड वाकलेल्या माणसाचा रंगही झाकला जातो. रंग दिसला नाही म्हणजे तिथे माणूस नाही, असं नसतं.

जखमी जनावराचा माग अर्ध्यावर सोडणं

यावर मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण इथे नेम चुकण्यापेक्षा नंतरची घाई जास्त एल्क वाया घालवते.

गोळी लागल्यावर एल्क दोन उड्यांत झाडीआड होतो. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या पुढे जातो. वर्मी लागूनही तो शे-दोनशे यार्ड पळतो. तुम्ही जिथून बार काढला ती जागा आणि तो उभा होता ती जागा, दोन्हींवर रंगीत फीत बांधा. समोरच्या उतारावर पोचेपर्यंत सगळी झाडं सारखी दिसायला लागतात.

मग रक्त बघा. गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुस. अर्धा तास थांबून निघा. गडद असेल तर यकृताचा संशय धरा आणि काही तास द्या. हिरवट-तपकिरी घाण आणि आंबट वास असेल तर गोळी पोटात गेली. तेव्हा सहा-आठ तास बसून राहणं हेच काम. मागे लागलात तर ते उठतं, दुसऱ्या खोऱ्यात जातं आणि मग कोयोटींना सापडतं, तुम्हाला नाही.

लाल मातीत, सुयांच्या थरावर थेंब दिसत नाहीत, शिवाय दगडावरचं तांबूस दगडफूल हुबेहूब रक्तासारखं फसवतं. हायड्रोजन पेरॉक्साइडची छोटी बाटली ठेवा: रक्तावर पडला की फेस येतो, दगडफुलावर नाही. फक्त जमीन बघू नका. कंबरेच्या उंचीवरच्या फांद्यांना कुशीचं रक्त घासलेलं असतं. शेवटच्या थेंबापाशी फीत बांधून तिथून वर्तुळं काढा. मागाच्या अंगावरून चालू नका, बाजूने चाला.

माग खासगी जमिनीत गेला तर? कोलोरॅडोत पाटी नसली तरी परवानगीशिवाय खासगी जमिनीत शिरता येत नाही, आणि पीअन्सच्या खोऱ्यात सरकारी व खासगी तुकडे एकमेकांत गुंतलेले आहेत. मालकाला गाठायचा प्रयत्न आधी, पाऊल नंतर. आणि सगळं करूनही जनावर सापडलं नाही, तर कायदा काही म्हणो, माझ्या मते तुमचा टॅग संपला. दुसरा एल्क मारायला निघणाऱ्याबरोबर मी पुन्हा रानात जात नाही.

दुसऱ्या शिकाऱ्याला अडथळा समजणं

पायवाटेच्या तोंडाशी आधीच ट्रक उभा असेल तर दुसरी वाट धरा. पर्याय नसेल तर थांबून विचारा, ‘कुठल्या बाजूला जाताय?’ बहुतेक जण सरळ सांगतात. उजाडताना कोणी टेकाडावर दुर्बीण लावून बसलेला असेल, तर त्याच्या समोरच्या पट्ट्यातून चालत जाणं ही जुनिपरमधली सगळ्यात मोठी असभ्यता. तो काही बोलणार नाही, पण लक्षात ठेवेल. मुद्दाम कोणाची शिकार उधळणं तर गुन्हाच आहे. पन्नासही राज्यांत त्यासाठी कायदे आहेत.

दोघांनी एकाच एल्कवर गोळी मारली तर जुना संकेत असा, की जिच्याने जनावर मरणारच होतं अशी पहिली गोळी ज्याची, जनावर त्याचं. झाडीत दोघांनाही आपलीच गोळी वर्मी लागली असं वाटतं. चामडी काढताना जखमा एकत्र बघा. तरीही उलगडा झाला नाही आणि समोरचा हट्टाला पेटला, तर सोडून द्या. हातात भरलेली रायफल असताना वाद घालण्याइतका मोलाचा एल्क अजून जन्मलेला नाही.

व्हॉट्सॲपवर फोटो खुशाल टाका, लोकेशन पिन नको. ज्याने तुम्हाला ती जागा दाखवली त्याची ती वीस वर्षांची कमाई असते. आणि गॅसच्या विहिरींकडे जाणाऱ्या रस्त्यांवरून खिडकी खाली करून शिकार शोधणाऱ्यांबद्दल काय बोलावं! सार्वजनिक रस्त्यावरून गोळी झाडणं बेकायदा आहे, एवढं सांगून पुढे जातो. शिंगांसाठी चोरटी शिकार करणाऱ्यांना मात्र राज्याने चांगलं पकडलंय. १९९५ मध्ये एस्टेस पार्कमध्ये सॅमसन नावाचा, गावाच्या ओळखीचा नर मारला गेला, तेव्हा लोक खवळले. १९९८ मध्ये आलेला ‘सॅमसन कायदा’ एका तरी शिंगाला सहा टोकं असलेल्या एल्कसाठी नेहमीच्या दंडावर दहा हजार डॉलर चढवतो.

मांसाचा विचार उशिरा करणं

ऑक्टोबरातही जुनिपरमध्ये दुपार तापते. चामडी लगेच काढा, मांडीचा सांधा उघडून हाडाजवळची उष्णता बाहेर जाऊ द्या, नाहीतर मांस आतून आंबतं. मागची एकेक तंगडी हाडासकट पंचवीस-तीस किलो सहज भरते. जोडीदार नसेल तर ट्रकपासून किती लांब बार काढायचा, हे घरीच ठरवा. लिंगाची खूण मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेली राहू द्या. वाटेत अधिकारी ती बघतो.

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणवर्गातला मेंदूचा रोग १९६७ मध्ये फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातल्या पाळीव हरणांत प्रथम दिसला. माणसाला तो झाल्याची नोंद नाही, पण बाधित जनावर खाऊ नका असा सीडीसीचा (अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचा) सल्ला आहे. डोकं तपासणीला द्या. निकाल येईपर्यंत त्या एल्कची पाकिटं वेगळी ठेवा, त्यावर तारीख आणि जनावर लिहा आणि शेजाऱ्यांना वाटू नका. दोन एल्कचा खिमा एकत्र केला असेल आणि एकाचा निकाल वाईट आला, तर सगळा फ्रीजर रिकामा करावा लागतो.