आदिवासी भागातल्या आरोग्य संशोधनाचा पेपर लिहिताना

पीएसएमचे (सामाजिक वैद्यकशास्त्राचे) रेसिडेंट डॉक्टर, एमपीएचची (सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीची) मुलं, कधी एखादी एमएसडब्ल्यूची (समाजकार्याची) विद्यार्थिनी, सगळ्यांचा फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, डेटा गोळा झालाय, कुठल्या जर्नलला पाठवू?" मी विचारते, पाड्यावर दाखवलात का? "ते पब्लिश झाल्यावर करू." पब्लिश झाल्यावर कुणी करत नाही. तोवर रेसिडेन्सी संपलेली असते, प्रोजेक्टचा निधी संपलेला असतो आणि गाडीचं डिझेल कोण घालणार हा प्रश्न उरतो.

माझं बरंचसं काम नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत झालं. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यातले सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे. सातपुड्यात वर चढलात की भिल्ल आणि पावरा, बाकी फारसं कुणी नाही. इथल्या कुपोषणावर, बाळंतपणावर, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर भरपूर लिहिलं गेलंय. मी स्वतः लिहिलं, इतरांचे पेपर रिव्ह्यूही केले. त्यावरून माझं मत असं झालंय की अशा पेपरमधला सर्वात अवघड भाग निकालांचा नसतो, 'पद्धती'चा, म्हणजे अभ्यास कसा केला ते सांगणारा असतो. तुम्ही लोकांशी कसे वागलात ते तिथे लपत नाही.

सुरुवात परवानगीपासून. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची राष्ट्रीय नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वं उघडा आणि त्यातलं असुरक्षित गटांचं प्रकरण नीट वाचा. आदिवासींवर तिथे वेगळा मजकूर आहे. जिल्हाधिकारी किंवा आदिवासी विकास खात्यातल्या सक्षम अधिकाऱ्याची परवानगी घ्या, गावातल्या मान्य माणसाला विचारून आत जा, संमती घेताना तिथली बोली येणारा माणूस आणि साक्षीदार हवा, वगैरे. पण मला त्यातलं एकच वाक्य प्रत्येक सिनॉप्सिसच्या (अभ्यासाच्या आराखड्याच्या) वर लिहून ठेवावंसं वाटतं. गावच्या प्रमुखानं होकार दिला तरी प्रत्येक व्यक्तीची संमती वेगळी घ्यायचीच. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे महाराष्ट्रातले तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूह. त्यांच्यातली मुलं, गरोदर बायका आणि म्हातारी माणसं अभ्यासात घेणं शक्यतो टाळा, असंही त्यात आहे. तुमचा विषय त्यांच्याशिवाय होणारच नसेल, तर का होणार नाही ते एथिक्स कमिटीला आधीच लिहून द्या.

वेगळ्या संमतीचं ते वाक्य कागदावरच राहिलं की काय होतं, ते २००९ च्या एचपीव्ही लशीच्या (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या) प्रकल्पात दिसलं. तेव्हाच्या आंध्रातला खम्मम आणि गुजरातमधला वडोदरा या जिल्ह्यांत हजारो मुलींना लस टोचली गेली. खम्ममला त्यातल्या कितीतरी आदिवासी मुली वसतिगृहात राहणाऱ्या होत्या. आईबाप गावाकडे, आणि अनेक संमतीपत्रांवर सह्या वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या. काही मुलींचे मृत्यू झाले आणि २०१० मध्ये प्रकल्प थांबला. मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत सिद्ध झाला नाही, पण संमतीची पद्धत उघडी पडली. २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनं त्यावर अतिशय कडक अहवाल दिला. आश्रमशाळेतल्या मुलांवर संशोधन करणाऱ्या माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी हे प्रकरण वाचायला लावते. अधीक्षकाची सही मिळवणं सोपं असतं. आईबापांची सही घ्यायला दोन डोंगर चढावे लागतात.

रक्ताचे नमुने घेणार असाल तर आणखी एक गोष्ट. अमेरिकेत अ‍ॅरिझोनात हवासुपाई जमातीचं रक्त १९९० पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून घेतलं गेलं. पुढे त्याच नमुन्यांवर स्किझोफ्रेनिया आणि जमातीचं मूळ कुठलं यावर अभ्यास झाले, पेपर छापले गेले. लोक कोर्टात गेले. २०१० मध्ये विद्यापीठानं सात लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि उरलेलं रक्त परत केलं. आपल्याकडे सिकलसेलचे नमुने फ्रीझरमध्ये वर्षानुवर्षं पडून असतात आणि 'आहेतच तर वापरू' हा मोह फार मोठा असतो. संमतीपत्रात दुसऱ्या वापराबद्दल वेगळी ओळ ठेवा, आणि त्या ओळीला 'नाही' म्हणता येईल अशी सोय ठेवा.

आता फिल्ड. धडगावकडची शेकडो कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, बरीचशी गुजरातेत. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि लहान मूल बरोबरच जातं. होळीला काही जण येतात, बाकीचे हंगाम संपल्यावर. डिसेंबर-जानेवारीत थंडी छान असते म्हणून सर्व्हे लावलात तर पाड्यावर म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं भेटतील. तेवढ्यावर 'समाजातील प्रमाण' काढलंत तर आकडा खोटाच. मग परदेशातला रिव्ह्यूअर विचारतो, तुमचा फॉलो-अप इतका का गळला? त्याला 'सहभागी उपलब्ध नव्हते' असं उत्तर देऊ नका. स्थलांतराचा महिना, कारण आणि कोण गेलं हे 'पद्धती'त लिहा. गेलेल्यांचं वय आणि मुलांची संख्या आशाताईंच्या नोंदवहीत असते. राहिलेल्यांशी तुलना करून एक छोटा तक्ता जोडा. आमच्या एका पेपरला तीन रिव्ह्यूअरपैकी दोघांनी त्याच तक्त्यामुळे हिरवा कंदील दिला.

पहिला मसुदा तयार झाला की तो जर्नलच्या आधी पाड्यावर न्यायचा. ही माझी अट आहे, आणि ती सौजन्यासाठी नाही. बाळंतपणाच्या एका अभ्यासाचे निकाल आम्ही चित्रांच्या चार्टवर मांडून पावरी बोलीत समजावत होतो. घरी बाळंतपणं का होतात, याची आमची कारणं म्हणजे आईचं शिक्षण, वय, कितवं मूल, आर्थिक स्थिती. आधीच्या सगळ्या पेपरांत हीच असतात. मागे बसलेली एक आजी उठून म्हणाली, गाडी कुठवर येते ते लिहिलंत का? पाड्यापासून खालच्या रस्त्यापर्यंत बाईला बांबूच्या झोळीतून आणतात. पावसाळ्यात नाला भरला तर तेही नाही. आमच्या प्रश्नावलीत दवाखान्याचं अंतर होतं, गाडी थांबते तिथपर्यंतचं अंतर नव्हतं. ती आजी म्हणाली म्हणून आम्ही प्रत्येक पाड्यासाठी ते मोजलं, परत विश्लेषण केलं आणि शिक्षणाचा प्रभाव बराच फिका पडला. चर्चेचा भाग नव्यानं लिहावा लागला. पेपर सुधारला तो त्या बैठकीमुळे, संख्याशास्त्रज्ञामुळे नव्हे. (संख्याशास्त्रज्ञ माझे मित्र आहेत, त्यांनीही ते मान्य केलंय.)

म्हणूनच 'अज्ञान व अंधश्रद्धा' हे शब्द चर्चेत दिसले की मी लाल पेन काढते. ते तुम्ही मोजलंय का? मोजलं नसेल तर लिहू नका.

गुप्ततेबद्दल कॉलेजात शिकवतात ते म्हणजे नाव काढून टाका. इथे तेवढ्यानं भागत नाही. तक्त्यात एका पाड्याचं नाव, वयोगट १५ ते १९, सिकलसेलग्रस्त मुली: १. तालुक्यातला कुणीही सांगेल ती कोण ते. सिकलसेल आहे असं दाखवणाऱ्या कार्डावरून लग्नं मोडलेली मी पाहिलीत. लहान आकडे एकत्र करा, पाड्यांऐवजी आरोग्य केंद्रनिहाय द्या, नकाशावर ठिपके टाकू नका. जमातीचं नाव द्यायचं की नाही हा प्रश्नही बैठकीतच विचारा. कधी लोक म्हणतात, आमचं नाव द्या, नाहीतर योजना दुसरीकडे जाईल. कधी उलटं म्हणतात. जर्नल हल्ली डेटा उघड्यावर टाकायला सांगतात, तिथेही हेच लागू. 'विनंतीवरून, ग्रामसभेच्या संमतीनं उपलब्ध' असं लिहिता येतं, संपादक ऐकतात. औषधी वनस्पतींवर काम असेल तर छापण्यापूर्वी जैवविविधता कायदा, २००२ समजून घ्या. झाडाचं नाव आणि उपयोग एकदा छापला की तो परत घेता येत नाही.

लेखकांची नावं हा भांडणाचा विषय, म्हणून तो आधी मिटवा. वैद्यकीय जर्नलच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष आहेत: कामात भरीव वाटा, लिखाणात किंवा त्याच्या दुरुस्तीत सहभाग, अंतिम मान्यता आणि जबाबदारी. आपल्याकडे विभागप्रमुखांचं नाव यातला एकही निकष न लागता जातं आणि वर्षभर डोंगर तुडवलेल्या आशाताईचं नाव 'तिनं लिहिलं नाही' म्हणून गळतं. त्याच नियमावलीत पुढे असंही आहे की पहिला निकष पूर्ण करणाऱ्याला बाकीचे पूर्ण करण्याची संधी द्यायला हवी. ती संधी म्हणजे मसुदा मराठीत किंवा तिच्या बोलीत वाचून दाखवणं आणि ती सांगेल ते बदल करणं. मग ती लेखक होते. बाकीच्यांचे आभार मानताना नाव देऊ का, हे विचारून घ्या.

जर्नल निवडण्यावर मी फार वेळ घालवत नाही. ओपन अ‍ॅक्सेसची (पेपर सगळ्यांना फुकट वाचता यावा म्हणून लेखकानं भरायची) फी हजारो डॉलरांत जाते आणि मोठ्या प्रकाशकांच्या आपोआप माफीच्या यादीत भारत सहसा नसतो, तेव्हा माफी पेपर पाठवतानाच मागा. आठवड्यात छापून देणाऱ्यांच्या ईमेलना उत्तर देऊ नका. हस्तक्षेपाचा अभ्यास (उपचार किंवा सेवा देऊन परिणाम पाहणारा) असेल तर पहिला सहभागी घेण्यापूर्वी सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या क्लिनिकल ट्रायलच्या नोंदवहीत, नोंदणी हवी, नंतरची चालत नाही. आदिवासी लोकसमूहांवरच्या आरोग्य संशोधनासाठी २०१९ मध्ये 'कन्सिडर' नावाची सूची आली आहे. आठ विभाग, सतरा मुद्दे. प्राधान्य कुणी ठरवलं, विश्लेषणात समाजाचा सहभाग काय, निकाल कसे परत दिले. जर्नलनं मागितली नसली तरी ती भरून पेपरला जोडा. भरताना रकाने रिकामे राहिले तर तुम्हालाच कळेल काय राहिलंय.

नव्यांना माझ्याकडून नमुना म्हणून गडचिरोलीचा १९९९ चा 'लॅन्सेट'मधला पेपर वाचायला मिळतो. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. गावातल्याच शिकवलेल्या बायकांनी ती घेतली आणि नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. तो वाचून झाला की मी 'कोवळी पानगळ'बद्दल सांगते. २००१ मध्ये आलेला बालमृत्यूंवरचा हा अहवाल मराठीत होता. तो आमदारांनी वाचला, वर्तमानपत्रांनी वाचला, आणि सरकारला बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली.

तेव्हा पेपर छापून आला की दोन पानी मराठी सारांश काढा, प्राथमिक आरोग्य केंद्राला, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, आदिवासी विकास खात्याच्या प्रकल्प कार्यालयाला द्या आणि ग्रामसभेत मांडा. ग्रामसेवकाला आधी सांगितलंत तर विषयपत्रिकेवर येतो. ग्रामसभा सहसा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. आमच्याकडे जाणार असाल तर १ मे धरा. जानेवारीत निम्मं गाव उसाच्या फडात असतं.