किशोरवयीन मुलांचा रात्रीचा मोबाईल कसा आवरावा

मुलाने रात्री मोबाईल बाजूला ठेवावा असे वाटत असेल, तर सुरुवात आई-वडिलांच्या मोबाईलपासून करावी. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये तेच केले. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद. नियम लहानथोरांना सारखा असला की तो मुलांना शिक्षा वाटत नाही.

घरात चार्जिंगची जागा बाहेरच्या खोलीत ठरवावी आणि रात्री दहाला सर्वांचे मोबाईल तिथे लावावेत. ‘गजरासाठी मोबाईल उशाशी लागतो’ असे मुले हटकून सांगतात, म्हणून साधे गजराचे घड्याळ आधीच आणून ठेवावे. वयात येताना शरीराचे घड्याळ पुढे सरकते, त्यामुळे दहाला झोप न येणे हा हट्ट नसतो. मात्र या वयात ८ ते १० तासांची झोप लागतेच.

खरी अडचण संदेशांची आहे. दहावीच्या ग्रुपवर रात्री साडेअकराला कोणीतरी ‘उद्या जर्नल द्यायचंय का रे?’ असे विचारतो, पाठोपाठ उत्तरांची रांग लागते, आणि वाचूनही उत्तर दिले नाही तर आपल्याला वगळतील, या धास्तीने मूल पांघरुणाखाली टाइप करत राहते. ही धास्ती हसण्यावारी नेऊ नये. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप ८ तासांसाठी म्यूट करता येतो, तो मुलाकडूनच करवून घ्यावा. वाचल्याच्या निळ्या खुणाही बंद करता येतात, पण ग्रुपमध्ये त्या तरीही दिसतात. म्हणून ‘दहानंतर आलेल्या मेसेजला मी सकाळी उत्तर देईन’ असे मुलाने मित्रांना एकदा मोकळेपणी सांगून टाकणे जास्त उपयोगी पडते.

मुलाचे संदेश चोरून वाचू नयेत, असे माझे ठाम मत आहे, कारण ते एकदा उघड झाले की मूल अडचणीतही आपल्याकडे येत नाही. कोणी फोटो मागितला, धमकी दिली, तर मोबाईल हिसकावून न घेता आधी पूर्ण ऐकून घ्यावे, संदेश न पुसता त्यांचे स्क्रीनशॉट ठेवावेत आणि १०९८ या बालकांसाठीच्या मोफत हेल्पलाइनवर फोन करावा. हा क्रमांक चार्जिंगच्या जागेजवळ भिंतीवर लिहून ठेवावा.