भाजीचा आठवड्याचा वाटा आणायला जाताना: आदल्या दिवसापासून फ्रीजपर्यंतची तयारी

सीएसए (कम्युनिटी सपोर्टेड ॲग्रिकल्चर, म्हणजे सभासदांच्या आधारावर चालणारी शेती) पद्धतीत सभासद हंगामाच्या सुरुवातीला पैसे भरतात आणि शेतात जे पिकेल त्यातला आपला वाटा दर आठवड्याला ठरलेल्या ठिकाणाहून उचलतात. बाजाराला जाताना आपण यादी करतो आणि मग भाजी आणतो. इथे भाजी आधी ठरते, यादी नंतर. त्यामुळे तयारीही उलट्या टोकाने करावी लागते: पहिल्यांदा घरातली जागा, मग पिशव्या, मग जाण्याची वेळ. वाया जाणारी बरीचशी भाजी घरी आल्यानंतरच्या पहिल्या तासात हातातून निसटलेली असते. तो तास मोकळा ठेवता येणार नसेल तर बाकीच्या तयारीचा फारसा उपयोग नाही.

आदल्या दिवशी फ्रीजमधले भाजीचे खण पूर्ण रिकामे करा. मागच्या वाट्यातलं जे उरलंय त्याचे तीन ढीग घाला: आज रात्री संपवायचं, शिजवून किंवा गोठवून ठेवायचं, आणि खतात टाकायचं. खणाच्या तळाशी सडलेल्या पानाचा एखादा चिकट तुकडा आणि थोडं पाणी हमखास असतं. नवी भाजी त्यावर ठेवली की तीही तिथूनच खराब व्हायला लागते, म्हणून खण साबणाने धुऊन अगदी कोरडे पुसा. फ्रीज किती गार आहे हेही एकदा तपासून घ्यावं. पाण्याने भरलेल्या पेल्यात थर्मामीटर ठेवून तो रात्रभर मधल्या फळीवर राहू द्या. सकाळी ३ ते ४ अंश सेल्सिअस दिसले तर उत्तम, ५ च्या वर असेल तर बटण फिरवा. खणाला ओलावा कमी-जास्त करायची पट्टी असेल तर एक खण बंद ठेवून पालेभाज्यांना द्या आणि दुसऱ्याची पट्टी उघडी ठेवून तिथे फळं ठेवा. सफरचंद, पिकलेली केळी, खरबूज यांतून इथिलीन वायू सुटतो. त्याने पालेभाजी पिवळी पडते आणि गाजरं कडवट होतात. एकच खण असेल तर फळं त्यात नकोतच.

बहुतेक शेतांकडून वाटपाच्या एक-दोन दिवस आधी काय मिळणार याचा निरोप येतो. तो येईपर्यंत बाजारातून भाजी आणू नका. आला की सातही दिवसांचा बेत आखत बसू नका, पहिल्या तीन दिवसांचा पुरे. कोवळी पानं, सॅलड, हिरवे मसाले आणि कणसं पहिल्या दोन दिवसांत. काकडी, वांगी, भेंडी, शेंगा त्याच्या पुढच्या दोनेक दिवसांत. कोबी, गाजर, बीट, बटाटे आठवड्याच्या शेवटी किंवा त्याही पुढे. कणसाचा क्रम लोक नेहमी चुकवतात. तोडल्यापासून त्यातल्या साखरेचा स्टार्च होत जातो, म्हणून गोडी टिकवायची तर ते आणल्या दिवशीच खाल्लेलं बरं. निरोपात एखादी अनोळखी भाजी असेल तर ती कशी करायची हे आधीच शोधून ठेवा, नाहीतर खणातून सगळ्यात शेवटी तीच बाहेर निघते.

आता पिशव्या. एका अवजड पिशवीपेक्षा रुंद बुडाच्या दोन कापडी पिशव्या बऱ्या. हंगामाच्या ऐन भरात पूर्ण वाटा सात-आठ किलोंच्या घरात जाऊ शकतो, आणि एकाच पिशवीत भरला तर तळचे टोमॅटो घरी पोचेपर्यंत फुटलेले असतात. आत घालायला चार-पाच लहान पिशव्या हव्यात: शेंगा, मिरच्या, सुट्या बटाट्यांसाठी जाळीच्या, पालेभाजीसाठी ओल न झिरपणाऱ्या. टोमॅटोसाठी उथळ, ताठ कडांचा डबा घ्या आणि त्यात दोनपेक्षा जास्त थर लावू नका. ऊन कडक असेल किंवा वाट अर्ध्या तासाहून लांबची असेल तर थंड पेटी न्या. तिच्यातले बर्फाचे पॅक कापडात गुंडाळा, कारण पानं थेट बर्फाला टेकली की गोठतात आणि नंतर काचेसारखी पारदर्शक होऊन लिबलिबीत पडतात. तुळस जातीच्या पानांना गारठा सोसत नाही, तासाभरातही ती काळवंडू शकतात. ती पेटीबाहेर ठेवा. शिवाय एक जुना पंचा, एक पेन, आणि शेताचा निरोप फोनमध्ये साठवून ठेवलेला असावा, कारण वाटपाच्या जागी नेटवर्क असेलच असं नाही. मागच्या वेळचं क्रेट, अंड्यांचे ट्रे, रबरबँड शेत परत घेत असेल तर ते आदल्या रात्रीच दाराशी काढून ठेवा. क्रेट परत आलं नाही तर पुढच्या आठवड्यात शेतावर भरायला एक क्रेट कमी पडतं, आणि हंगामाच्या मध्यावर ही टंचाई खरोखर जाणवते. काही भाज्या स्वतः तोडून घ्यायची मुभा असेल तर कात्री, हातमोजे आणि चिखल चालेल असे बूट न्या.

वाटपाची वेळ दोन-तीन तासांची असते. पहिल्या अर्ध्या तासात गर्दी असते पण निवड भरपूर मिळते. शेवटी शेवटी वजन तेवढंच मिळतं, मात्र पालेभाजी तोवर उघड्यावर राहून कोमेजलेली असते. मधली वेळ साधावी. बाकीची कामं आधी उरका आणि वाटा घेऊन थेट घर गाठा. उन्हात बंद उभी असलेली गाडी बघता बघता तापते, आणि पहाटे तोडलेली कोवळी पानं त्या उष्णतेत तासाभरात मान टाकतात. वेळ टळून गेली तर न उचललेल्या वाट्याचं काय होतं, हा नियम हंगामाच्या सुरुवातीलाच नीट वाचून ठेवा. पुष्कळ ठिकाणी तो त्याच संध्याकाळी दान केला जातो आणि दुसऱ्या दिवशी मागून मिळत नाही.

तुमच्याऐवजी दुसरं कुणी जाणार असेल तर त्या माणसाला चार गोष्टी लिहून द्या: वाटा कोणाच्या नावावर आहे, पूर्ण की अर्धा, ठिकाण आणि वेळ, आणि अदलाबदलीत काय चालेल. नेहमीची चूक म्हणजे अर्ध्या वाट्याचा सभासद पूर्ण वाट्याच्या रांगेतून भाजी भरून घेतो. मग शेवटी येणाऱ्याला कमी पडतं, आणि ते कोणामुळे झालं हे शोधायला शेतकऱ्याला संध्याकाळ घालवावी लागते.

दोन घरांनी एक वाटा वाटून घेतला असेल तर आठवड्याआड आळीपाळीने नेणं सोपं दिसतं, पण त्यात एका घराला टोमॅटोचे दोन्ही भरघोस आठवडे मिळतात आणि दुसऱ्याच्या पदरी नुसता मुळा येतो. दोघांना भेटणं शक्य असेल तर दर आठवड्याला निम्मं-निम्मं करावं, आणि कोबी किंवा भोपळा अशी एकच नग असलेली भाजी पाळीपाळीने घ्यावी. पाळी कोणाची हे कुठेतरी लिहून ठेवा. लक्षात राहील असं दोघांनाही वाटतं आणि दोघांनाही वेगवेगळं लक्षात राहतं.

वाटपाच्या जागी पोचल्यावर आधी नावापुढे खूण करा. भरलेलं खोकं मिळत असेल तर तिथेच उघडून यादीशी ताडून पाहा. भाजी आपण भरून घ्यायची असेल तर पिशवीत काहीही टाकण्याआधी कोणी काय घ्यायचं ते लिहिलेला फळा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा. ‘या चारांपैकी कोणतेही दोन’ अशी ओळ बहुधा मध्येच असते आणि ती न वाचल्याने गोंधळ होतो. काट्यावर आधी रिकामी पिशवी ठेवून आकडा शून्यावर आणा, मग भाजी घाला. जुडी म्हणून दिलेली भाजी सोडवून त्यातलं निवडू नका. ढिगात खालपर्यंत हात घालून उलथापालथ केली की वरची पानं चिरडतात आणि त्याचा भुर्दंड मागून येणाऱ्याला बसतो. टोमॅटो मात्र मुद्दाम वेगवेगळ्या रंगाचे घ्या, थोडे पूर्ण पिकलेले, थोडे कडक, म्हणजे आठवडाभर पुरतात. टेबलांची मांडणी कशीही असली तरी पिशवीत जड माल आधी जायला हवा, त्यासाठी एक फेरी जास्त मारावी लागली तरी चालेल. अदलाबदलीची टोपली असेल तर नको असलेली भाजी तिथेच ठेवा. घरी नेऊन कुणाला तरी देऊ, असा विचार केलेली भाजी बहुतेकदा खतातच जाते. गाजर-मुळ्याचा पाला खाणार नसाल तर तोही तिथेच काढून टाकता येतो का, ते विचारा.

घरी आल्यावर पालेभाजी सगळ्यात आधी हातात घ्या. रबरबँड आणि दोरे काढा, कारण आवळलेल्या देठांशीच सड सुरू होते. पिवळी, चिरडलेली पानं वेगळी करा. पानं कोमट किंवा मलूल झाली असतील तर थंड पाण्यात पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. आतली उष्णता जाते आणि पानं पाणी पिऊन पुन्हा ताठ होतात. त्यानंतरचा टप्पा जास्त महत्त्वाचा: पूर्ण निथळून, पंचावर पसरून किंवा फिरत्या जाळीत घालून कोरडी करा आणि कोरड्या कापडात सैल गुंडाळून डब्यात ठेवा. आणल्याबरोबर सगळी भाजी धुवावी की धुऊ नये, यावर सभासदांत कायम दोन तट असतात. आमचं मत असं की दोन-तीन दिवसांत खायची तेवढीच धुवावी, आणि तीही कोरडी करायला वेळ असेल तरच. ओल्या पानांपेक्षा मातकट पण कोरडी पानं जास्त टिकतात.

कंदांचा पाला लगेच कापा, कारण पानं कंदातलं पाणी ओढत राहतात आणि दोन दिवसांत गाजर रबरासारखं वाकायला लागतं. बीटाचे देठ दोन-तीन सेंटिमीटर ठेवून कापावेत म्हणजे शिजताना रंग पाण्यात उतरत नाही. बीटाचा आणि मुळ्याचा पाला खाण्याजोगा असतो. तो पालेभाजीच्या डब्यात ठेवून लवकर संपवा. कंदावरची माती तशीच राहू द्या, ढेकळं तेवढी झटका, आणि बंद पिशवीत घालून खणात ठेवा. तरीही मऊ पडलेलं गाजर दोन-चार तास थंड पाण्यात बुडवलं की बरंच सावरतं.

टोमॅटो फ्रीजबाहेर, देठाची बाजू खाली करून. साधारण १२ अंशांच्या खाली त्यांचा पिकण्याचा वेग आणि स्वाद दोन्ही घटतात, म्हणून पूर्ण पिकलेले आणि आज खाणं शक्य नसलेलेच एक-दोन दिवस आत ठेवा. काकडी, वांगी, भेंडी यांना साधारण १० अंश मानवतात. फ्रीजच्या मागच्या गार भिंतीला टेकून ती तीन-चार दिवस राहिली की सालीवर खड्डे पडतात आणि गर पाणचट होतो. त्यांना फ्रीजमधली कमी गार जागा, बहुधा वरच्या फळीची पुढची बाजू, द्या आणि लवकर संपवा. भेंडीवर पाण्याचा थेंबही नको. बटाटे अंधारात, हवेशीर जागी, कांद्यापासून दूर ठेवावेत. नुकत्याच काढलेल्या, सुटणाऱ्या सालीच्या बटाट्यांना मात्र साठवणीचे समजू नका, ते आठवड्याभरात खाऊन टाका. हिरव्या पातीचा ओला कांदा फ्रीजमध्ये, वाळलेला कांदा आणि लसूण बाहेर. रताळं फ्रीजमध्ये ठेवलं तर त्याचा गाभा शिजूनही कडक राहतो. भोपळा देठाला धरून उचलू नये. देठ तुटला की त्या जागेतून बुरशी आत शिरते. कोथिंबिरीचे देठ पाण्याच्या पेल्यात बुडवून, वरून सैल पिशवी घालून फ्रीजमध्ये ठेवा. तुळस तशीच पेल्यात, पण बाहेर. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोलीत अळ्या निघाल्या तर दचकू नका, शिजवण्याआधी मिठाच्या पाण्यात वीसेक मिनिटं बुडवून ठेवा. हे साठवण्याआधी करू नका, पाण्याने गड्डा आतून ओला राहतो.

हा सगळा पसारा आवरता आवरताच, लवकर खायच्या भाज्या एका उघड्या डब्यात घालून फ्रीजच्या डोळ्यासमोरच्या फळीवर ठेवा. खणात गेलेली भाजी विसरली जाते.

वाटा जास्तच झाला असेल तर शेंगा, वाटाणे आणि जाड पालेभाज्या त्याच संध्याकाळी गोठवाव्यात. चार दिवस वाट पाहून सुकलेली भाजी गोठवण्यात अर्थ नाही. अर्धा किलो भाजीला चारेक लिटर पाणी खळखळ उकळू द्या. शेंगा ३ मिनिटं, पालेभाजी २ मिनिटं, वाटाणे दीड मिनिट. लगेच तेवढाच वेळ बर्फाच्या पाण्यात, मग निथळून, ताटात एका थरात पसरून गोठवायचं आणि नंतर पिशवीत भरून तारीख लिहायची. उकळत्या पाण्याचा टप्पा गाळला तर भाजीतली एन्झाइम्स गोठवल्यावरही काम करत राहतात आणि महिन्या-दोन महिन्यांत रंग आणि चव उतरते. पाणी कमी घेतलं तर भाजी घालताच उकळी थांबते आणि मिनिटांचा हिशेब चुकतो. सॅलडची पानं, काकडी आणि मुळा गोठवू नका.

काही खराब निघालं तर त्याच दिवशी फोटो काढून शेताला कळवा. चार दिवसांनी कळवलं तर नुकसान शेतात झालं, वाटेत की तुमच्या फ्रीजमध्ये, हे कोणालाच सांगता येत नाही. पानांवर किड्यांची भोकं किंवा वाकडी गाजरं ही तक्रार नव्हे, पण जुडीच्या आतून सड येत असेल तर ते शेतकऱ्याला हवंच असतं, कारण त्याच वाफ्यातली भाजी इतरांकडेही गेलेली असते. एखाद्या आठवड्याला येणार नसाल तर शेताने दिलेल्या मुदतीत सांगा. कापणी किती करायची हे सभासदांच्या आकड्यावर आधीच ठरलेलं असतं. वाटपाच्या सकाळी निरोप आला तर तुमचा वाटा तोडून, धुऊन क्रेटमध्ये भरलेला असतो.